घरच्या वर्कशॉपसाठी दुसरा, छोटा बँडसॉ घ्यायचाय? आधी हे समजून घ्या

लाकडाचा एक ठोकळा. त्यावर पेन्सिलने काढलेल्या दोन-चार नागमोडी रेषा. मशीन सुरू होतं, ठोकळा हळूहळू फिरतो आणि मिनिटभरात त्याच ठोकळ्यातून खणासकट एक छोटी पेटी तयार होते. 'बँडसॉ बॉक्स'चं असं रील तुमच्याही फीडमध्ये कधीतरी येऊन गेलं असेल.

रीलमध्ये न दिसणारी एक गोष्ट मात्र आहे. घरच्या घरी लाकूडकाम करणाऱ्या अनेकांकडे, विशेषतः अमेरिकेत गॅरेजमध्ये वर्कशॉप थाटणाऱ्यांकडे, एक सोडून दोन बँडसॉ असतात. एक मोठा, जमिनीवर उभा राहणारा. आणि दुसरा छोटा, टेबलावर मावणारा.

एकच काम करणारी दोन मशीन कशाला? छोटं मशीन घेताना नेमकं काय बघायचं? आणि कोणी ते मुळीच घेऊ नये? समजून घेऊया.

बँडसॉ म्हणजे नेमकं काय?

बँडसॉ म्हणजे पट्टा करवत. वर एक चाक, खाली एक चाक आणि दोन्हींवर ताणून बसवलेलं दातेरी पोलादी पट्टीचं गोल कडं. खालचं चाक मोटरवर फिरतं आणि पट्टी सतत एकाच दिशेने, टेबलाकडे खाली धावते. आपण लाकूड पुढे सरकवायचं.

ही कल्पना जुनी आहे. ब्रिटनमध्ये विल्यम न्यूबेरी यांना १८०९ च्या सुमारास तिचं पेटंट मिळालं होतं. पण मशीन चालेना. कारण चाकावरून वाकून पुन्हा सरळ होताना पट्टी तुटायची, नाहीतर तिचा सांधा निखळायचा. पुढे १८४६ मध्ये फ्रान्सच्या ॲन पॉलिन क्रेपिन यांनी पट्टीची टोकं जोडण्याच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. पॅरिसच्या पेरिन कंपनीने ते हक्क घेतले आणि मग कुठे बँडसॉ खऱ्या अर्थाने कामाला लागला.

हा इतिहास सांगण्याचं कारण आहे. पट्टी वाकून तुटण्याचा हाच प्रश्न छोटा बँडसॉ घेताना आजही समोर येतो. तो कसा, ते पुढे बघू.

मग दुसरा बँडसॉ का लागतो?

याचं उत्तर पात्याच्या रुंदीत आहे. रुंद पातं सरळ चालतं, पण वळत नाही. अरुंद पातं छान वळतं, पण जाड लाकूड उभं चिरताना भरकटतं.

आपल्याकडे सुतार माप सुतात सांगतात. ८ सूत म्हणजे १ इंच. त्या हिशेबाने कोणतं पातं किती तंग वळण घेऊ शकतं, ते बघा. हे ढोबळ आकडे आहेत, पण पाती निवडताना हेच वापरले जातात.

- १ सूत (१/८ इंच) रुंद पातं: साधारण ५ मिमी त्रिज्येचं वळण
- दीड सूत (३/१६ इंच): ८ मिमी
- २ सूत (पाव इंच): १६ मिमी
- ३ सूत (३/८ इंच): ३७ मिमी
- ४ सूत (अर्धा इंच): ६४ मिमी, म्हणजे अडीच इंच
- ६ सूत (पाऊण इंच): १३८ मिमी, म्हणजे साडेपाच इंचांच्या आसपास

म्हणजे जाड फळी उभी चिरून दोन पातळ फळ्या काढायच्या असतील तर ४ किंवा ६ सुताचं पातं हवं. खेळण्यातल्या हत्तीची सोंड कापायची असेल तर १ किंवा २ सुताचं.

पातं बदलणं अवघड नसतं, पण वेळखाऊ नक्की असतं. प्लग काढा, ताण सैल करा, गाइड मागे घ्या, जुनं पातं काढा, नवं चढवा, चाक हाताने फिरवून ते मधोमध धावतंय का बघा, ताण द्या, गाइड पुन्हा लावा, टेबल काटकोनात आहे का तपासा. सवय असली तरी १०-१५ मिनिटं जातात.

आणि खरी गंमत इथेच होते. या १५ मिनिटांचा कंटाळा येतो म्हणून माणूस जे पातं लावलेलं आहे त्यानेच काम रेटतो. रुंद पात्याने वळण घ्यायला गेलं की पातं पिळवटतं, लाकूड करपतं आणि कधीकधी पातंच तुटतं. अरुंद पात्याने जाड फळी चिरायला गेलं की काप मधोमध फुगतो आणि चांगलं सागवान वाया जातं.

दुसरा बँडसॉ हा या प्रश्नावरचा तोडगा आहे. मोठ्या मशीनवर रुंद पातं कायमचं, छोट्यावर अरुंद पातं कायमचं. बदलाबदलीच नको.

तुम्हाला खरंच दुसरा हवाय का?

खरेदीआधी एक सोपी चाचणी करा. वर्कशॉपच्या भिंतीवर एक कागद लावा. महिनाभर जेव्हा जेव्हा पातं बदलाल तेव्हा एक रेघ मारा. आणि बदलायला हवं होतं पण कंटाळा केला, तेव्हा फुली मारा.

महिन्याला दोन-तीनच खुणा असतील तर दुसरं मशीन घेऊ नका. मोठ्या मशीनवर ३ सुताचं पातं लावा, बहुतेक रोजची कामं भागतील. दर आठवड्याला पाच-सहा खुणा होत असतील, त्यातही फुल्या जास्त असतील, तर मशीनचा विचार करायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट तपासा. तुमचं काम दुसऱ्याच मशीनचं तर नाही ना? बँडसॉचं पातं हे बंद कडं असतं. त्यामुळे लाकडाच्या मधोमध, कडेला न कापता, भोक पाडता येत नाही. जाळीकाम, नावाच्या पाट्या, आतून कोरलेली अक्षरं करायची असतील तर स्क्रोल सॉ घ्या. त्याचं पातं सोडवून भोकातून ओवता येतं. आणि फक्त मोठ्या प्लायवर अधूनमधून गोलाई कापायची असेल तर हातातला जिगसॉ पुरतो. मोठा प्लाय छोट्या बँडसॉच्या टेबलावर सांभाळताच येत नाही.

'१० इंची' म्हणजे १० इंच काय?

इथे अनेकजण फसतात. बँडसॉचं माप हे साधारण चाकाच्या व्यासावरून ठरतं. त्यावरून पातं आणि मागचा खांब यांच्यात किती जागा आहे, याचा अंदाज येतो. १० इंची मशीनमध्ये ही जागा साडेनऊ-पावणेदहा इंच असते. लाकूड किती जाड कापता येईल, हे मात्र त्या आकड्यातून कळत नाही.

उदाहरण घ्या. अमेरिकेत मिळणारी दोन १० इंची मशीन आहेत, रायकॉनचं १०-३०५ आणि वेनचं ३९६२. पहिलं ४ ५/८ इंच जाड लाकूड कापतं, दुसरं ६ इंच. पहिल्याला ७० १/२ इंच लांबीचं पातं लागतं, दुसऱ्याला ७२ इंचाचं. दोन्ही '१० इंची'च, पण एकाचं पातं दुसऱ्याला बसत नाही.

तुलनेसाठी मोठं मशीनही बघा. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या डेल्टा कंपनीने आणलेला १४ इंची बँडसॉ घरगुती वर्कशॉपचा जणू मापदंड ठरला. त्याची रचना पुढे अनेक कंपन्यांनी उचलली. तो ६ इंच जाड लाकूड कापतो आणि खांबात जोडठोकळा घातला की १२ इंच. जाड लाकडाचं काम याच्याकडे असेल, तर छोट्या मशीनला ४ इंचही पुरतात. म्हणून दुसऱ्या मशीनमध्ये केवळ कापाच्या उंचीसाठी जास्त पैसे मोजू नका.

घेताना बघायच्या ७ गोष्टी

१. किती अरुंद पातं चालतं? दुसरं मशीन वळणांसाठी घेतोय, तेव्हा पहिला प्रश्न हाच. काही मशीन १ सुतापर्यंत जातात, काही दीड किंवा दोन सुतावर थांबतात. 'अर्ध्या इंचाचं पातंही बसतं' या जाहिरातीकडे फार लक्ष देऊ नका. बसणं वेगळं आणि नीट ताणलं जाणं वेगळं. छोट्या मशीनचा सांगाडा रुंद पात्याला हवा तेवढा ताण सहसा देऊ शकत नाही.

२. पात्याची जाडी. इथे पुन्हा १८४६ चा प्रश्न येतो. चाक जितकं छोटं, तितकं पातं जास्त वाकतं. १४ इंची मशीनवर ०.०२५ इंच (साधारण ०.६४ मिमी) जाडीचं पातं नेहमी वापरलं जातं. तेच पातं ८-९ इंची चाकावर चढवलं तर दर फेरीला जास्त वाकून लवकर थकतं आणि तुटतं. छोट्या मशीनला ०.०१४ इंच (साधारण ०.३६ मिमी) जाडीचं पातं योग्य. याच कारणाने तीन चाकांच्या जुन्या मशीनपासून सावध राहा. तिथे रुंद काम मावतं, पण चाकं छोटी असल्याने पाती लवकर तुटतात.

३. पात्याची लांबी. मशीनच्या आधी पातं कुठे मिळतं ते शोधा. वेगळ्याच लांबीचं पातं लागत असेल तर मशीन स्वस्तात पडूनही पुढे महागात जातं. लांबीचा हिशेब सोपा आहे. दोन चाकांच्या केंद्रांमधलं अंतर गुणिले २, अधिक चाकाचा व्यास गुणिले ३.१४. चाक १० इंचाचं आणि अंतर २० इंच असेल तर ४० अधिक ३१.४, म्हणजे ७१.४ इंच. मोजताना ताणाचा स्क्रू मधोमध ठेवा.

४. गाइड. पात्याला दोन्ही बाजूंनी आणि मागून आधार देणारे हे भाग. ते बेअरिंगचे असोत की ठोकळ्यांचे, दोन्ही चालतात. मात्र १ सुताच्या पात्याला आधार देताना त्याचे दाते गाइडला घासणार नाहीत इतके ते मागे येतात का, हे दुकानातच बघा. धातूचे ठोकळे असतील तर अरुंद पात्यासाठी लाकडी किंवा फायबरचे ठोकळे बसवता येतात का, ते विचारा.

५. टेबल. ओतीव लोखंडाचं टेबल जड असतं, पण थरथर कमी करतं. असं १० इंची मशीन साधारण ३० किलोच्या पुढे जातं. म्हणजे एकट्याने रोज उचलून कपाटात ठेवू असा विचार असेल तर तो सोडा. टेबल ४५ अंशांत वाकतं का, आणि पुन्हा काटकोनात आणायला पक्का थांबा आहे का, तेही बघा.

६. मोटर. वळणाच्या कामाला १/३ हॉर्सपॉवर (साधारण २५० वॉट) पुरते. १/२ हॉर्सपॉवर (साधारण ३७५ वॉट) असेल तर उत्तम. इंडक्शन मोटर असेल तर आवाज कमी. सोसायटीत राहणाऱ्यांसाठी हा मुद्दा लहान नाही. इतक्या मोटरला घरातला नेहमीचा सॉकेट चालतो. अर्थिंग मात्र पक्कं हवं.

७. भुसा ओढायची सोय. लाकडाच्या बारीक धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. छोटं मशीन बहुधा घराच्याच एखाद्या खोलीत किंवा बाल्कनीत राहणार. त्यामुळे व्हॅक्यूम जोडायचं तोंड टेबलाच्या लगेच खाली आहे का, ते बघा. मास्क तर हवाच.

पात्याचे दाते किती?

दाते दर इंचाला मोजतात. छोट्या मशीनसाठी दोन पाती घेतली तरी बरंच भागतं. २ सुताचं ६ दात्यांचं पातं जाड लाकडातल्या नेहमीच्या वळणांसाठी. आणि १ सुताचं १४ दात्यांचं पातं पातळ लाकडातल्या नाजूक कामासाठी.

नियम एकच लक्षात ठेवा. लाकडाच्या जाडीत कोणत्याही क्षणी किमान ३ दाते असायला हवेत. कमी असले तर लाकूड धडधडतं, फार जास्त असले तर भुसा अडकून पातं तापतं.

आणि हो, या मशीनवर लोखंड कापू नका. लाकडाच्या बँडसॉचं पातं मिनिटाला हजार-दोन हजार फुटांहून जास्त वेगाने धावतं. पोलादासाठी त्याच्या कितीतरी कमी, शे-दोनशे फुटांच्या घरातला वेग लागतो. दाते काही सेकंदात जातील.

जुनं मशीन घेत असाल तर

जुना छोटा बँडसॉ हा चांगला सौदा असू शकतो, कारण त्यात बिघडण्यासारखे भाग कमी असतात. पण सुरू करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. चाकावरचा रबर किंवा प्लास्टिकचा पट्टा भेगाळलाय का बघा. तो बदलता येतो, पण तुमच्या मशीनच्या मापाचा मिळतो का, ते आधी विचारा. प्लग काढून चाकं हाताने फिरवा. खरखर आली तर बेअरिंग गेलंय. ताणाची स्प्रिंग पूर्ण दबून गेलीय का ते बघा. टेबल हलवून बघा. आणि मशीन बंद केल्यावर पातं किती वेळ फिरत राहतं, तेही पाहा.

भारतात घेताना आणि अमेरिकेतून आणताना

परदेशातून परत येणारी अनेक मराठी कुटुंबं कंटेनरमधून हत्यारंही आणतात. बँडसॉच्या बाबतीत जरा थांबा. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज कमी होतं, हर्ट्झ बदलत नाही. इंडक्शन मोटरचा वेग हर्ट्झवर ठरतो. त्यामुळे तिथे मिनिटाला १,७२५ फेरे घेणारी मोटर इथे साधारण १,४४० च घेईल. वर ती जास्त तापण्याचीही भीती. अशा वेळी मोटर बदलणं हा सरळ मार्ग. मोटर मशीनच्या आत खास घडवून बसवलेली असेल तर मशीन तिकडेच विकलेलं बरं.

पाती परदेशातून मागवण्याआधी जवळच्या औद्योगिक वसाहतीत चौकशी करा. आपल्याकडे आरागिरण्यांना आणि धातू कापणाऱ्यांना पाती जोडून देणारी दुकानं आहेत. त्यांना दोन प्रश्न विचारा. इतक्या पातळ आणि अरुंद पट्टीला सांधा मारता का? आणि सांधल्यावर तो भाग पुन्हा तापवून नरम करता का? न केल्यास सांधा ठिसूळ राहतो आणि पातं तिथेच तुटतं.

एक कायद्याची बाजूही आहे. ओंडके चिरणाऱ्या आरागिरणीला महाराष्ट्रात वनविभागाचा परवाना लागतो. छंदाचं टेबलावरचं मशीन म्हणजे आरागिरणी नव्हे. पण मोठा बँडसॉ घेऊन ओंडके चिरायचे किंवा लोकांचं लाकूड कापून द्यायचं मनात असेल, तर आधी वनविभागाच्या कार्यालयात विचारा.

छोटं आहे म्हणून घाबरायचं नाही, असं नाही

टेबल सॉ लाकूड उलट अंगावर फेकू शकतो. बँडसॉचं पातं लाकूड खाली टेबलावर दाबतं, त्यामुळे तो धोका कमी. म्हणूनच या मशीनसमोर माणूस निर्धास्त होतो. पण लक्षात ठेवा, गोठलेलं मांस आणि हाडं कापायला खाटीकखान्यात वापरतात ते मशीन बँडसॉच असतं. बोट आणि फळी यातला फरक पात्याला कळत नाही.

- वरचा गाइड लाकडाच्या वर फक्त ५-६ मिमी ठेवा. पातं जितकं उघडं, तितका धोका जास्त.
- बोटं कधीच पात्याच्या समोरच्या रेषेत नकोत. छोटे तुकडे काडीने ढकला.
- हातमोजे, सैल बाह्या, ओढणी नको. चष्मा हवा.
- गोल दांडा तसाच कापू नका, पातं तो खेचून गरकन फिरवतं. खाचेच्या ठोकळ्यात बसवून कापा.
- पातं तुटलं तर मागे व्हा, स्विच बंद करा आणि चाकं पूर्ण थांबल्यावरच दार उघडा.
- बंद केल्यावरही पातं काही सेकंद फिरतं. तुकडे उचलायची घाई करू नका.
- घरात लहान मुलं असतील तर काम झाल्यावर प्लग काढलेलाच हवा.

थोडक्यात काय?

तुमच्याकडे मोठा बँडसॉ आहे, वळणांची कामं रोजची आहेत आणि पातं बदलण्याच्या कंटाळ्यापायी लाकूड वाया जातंय, तर ९ ते १० इंची छोटं मशीन उपयोगाचं आहे. त्यात १-२ सुताचं पातं नीट चालावं, पाती सहज मिळावीत आणि टेबल पक्कं असावं. कापाची उंची आणि हॉर्सपॉवर यांचा नंबर नंतर.

यातलं काही जुळत नसेल तर तेच पैसे आहे त्या मशीनसाठी तीन-चार चांगली पाती घ्यायला वापरा. बऱ्याचदा दोष मशीनचा नसतोच, बोथट झालेल्या पात्याचा असतो. भिंतीवरच्या कागदाची सुरुवातही नवं पातं लावूनच करा.